अर्धा लिटर

रोज अर्धा लिटर.
आठ दिवस वहीत लिहितोय:
सोमवार, माझगाव ते वरळी आणि परत, अर्धा.
मंगळवार, गाडी उभीच, शून्य.
बुधवार, पेडर रोडचा चढ, पाऊण.

चौतीस वर्षं सहकारी पतपेढ्यांचं ऑडिट केलं.
पैसा पळतो तेव्हा कुठेतरी ओला पाय उमटतोच,
एवढं मला कळतं.
म्हणून रात्री डुक्कर फियाटच्या पोटाखाली
कालचा पेपर पसरला,
सकाळी गुडघे धरून वाकलो:
निविदा सूचनांवर तेलाचा एक थेंब,
पाण्याचा एकही नाही.
जमेला नोंद आहे, खर्चाला नाही,
आणि शिल्लक कमी.

इमारतीत कारण सगळ्यांना ठाऊक.
तळमजल्यावरचे बारिया म्हणाले, हेड गेलं,
कुणाचं लिव्हर गेलं म्हणावं तशा आवाजात.
वॉचमन म्हणाला, उन्हाने आटतंय.
मालिनी म्हणाली, ती एकसष्टची, तुम्ही सत्तेचाळीसचे,
दोघांनाही आता धरवत नाही.

गनपावडर रोडवरचा पास्कोल मेस्त्री
काहीच म्हणाला नाही.
डिपस्टिक ओढून तेल बोटांत चोळलं.
काळं.
चहाच्या रंगाचं असतं तर रडायचं, एवढंच बोलला.
चार प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले,
एखादा धुतल्यासारखा निघाला असता तर चोर घरातला.
चारही सारखेच मळके.
सायलेन्सरपुढे तळहात धरला. कोरडा.
मग काढला सायकलचा पंप,
जुन्या रेडिएटरच्या झाकणाला त्यानेच डाग देऊन जोडलेला,
आणि दाबत गेला.
काटा सातवर थांबला.
दहा मिनिटं थांबूनच राहिला.
मला बरं वाटावं की वाईट, कळेना.
कागद चोख असलेल्या शाखेत मला असंच व्हायचं.

"थंड गाडी खोटं बोलते, साहेब.
तापवून आणा."

भाऊच्या धक्क्याकडे घेतली.
पुढे बर्फाचा ट्रक, मी पहिल्या गिअरवर, वीस मिनिटं.
त्याचं पाणी रस्ताभर उघड गळत होतं,
वही घेऊन कुणी मागे नव्हतं.
काटा लाल रेघेला टेकला तसा वळलो.

बॉनेट वर. वाफेचा वास, तापल्या रबराचा वास.
पास्कोलने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा काढला,
टॉर्च स्वतःच्या दातांत धरला,
आणि मला शेजारी वाकवलं.
मॅनिफोल्डच्या मागे, ब्लॉकच्या कुशीत,
जिथे कुणाचा हात जात नाही,
रुपयाएवढा एक वेल्श प्लग, कडेने गंजलेला.
तिथून पेन्सिलीच्या टोकाएवढं फुसफुसणं.
थेंब यायचा, तापल्या लोखंडाला शिवायचा,
संपायचा.
जमिनीपर्यंत पोचण्याइतकं आयुष्यच नव्हतं त्याला.
मागे फक्त एक पांढरी रेघ,
शर्टाच्या पाठीवर घाम वाळून उरते तशी.

पास्कोल हात पुसत होता,
मी अजून वाकलेलोच.
किती खाती बंद केली मी
"पुरावा आढळला नाही" लिहून.
मी जायचो तेच मार्च उलटल्यावर,
टेबलं पुसलेली, फायली शिवलेल्या,
सरबत पुढे येणार,
सगळं थंड.

प्लगचे साठ रुपये.
मॅनिफोल्ड उतरवून चढवायचे तेराशे.
पावती मागितली नाही,
आयुष्यात पहिल्यांदा.

आज सकाळी सवयीने
अर्ध्या लिटरची बाटली भरून खाली गेलो.
झाकण फिरवलं.
पाणी काठाला, त्यात माझं नाक आणि वरची गॅलरी.
बाटली हातात घेऊन उभा राहिलो जरा वेळ.
वहीत काय लिहायचं सुचेना.
मग मडगार्डला टेकून
मीच प्यालो.